काचेआडचे शिक्षक
शरीररचना संग्रहालयातील नमुने जपण्याच्या आणि उभे करण्याच्या कलेचा इतिहास

संमेलनाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळातल्या मित्राने अट घातली, "तुझ्याच विषयावर लिही, पण शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असं लिही." माझा विषय शरीररचनाशास्त्र. एका वैद्यकीय महाविद्यालयात तीसहून अधिक वर्षे मी तो शिकवला. त्या विभागात मला सर्वांत जवळची वाटलेली जागा म्हणजे संग्रहालय. आपल्यापैकी जे डॉक्टर झाले त्यांना ती खोली आठवत असेल. दोन्ही भिंतींना काचेची कपाटे, त्यांत ओळीने मांडलेल्या बरण्या, डोळ्यांना झोंबणारा फॉर्मॅलिनचा वास आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिथे उडणारी झुंबड. बाकीच्यांनी कदाचित अशी खोली पाहिलीही नसेल.

त्या बरण्यांत हृदय असते, मूत्रपिंड असते, मेंदूचा उभा काप असतो. प्रत्येक अवयव द्रवाच्या मधोमध स्थिर असतो आणि जी बाजू दिसायला हवी नेमकी तीच समोर असते. पाहणारा अवयव पाहतो. तो कशाच्या आधाराने तसा उभा आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. या लेखात त्या आधाराची गोष्ट सांगायची आहे. तिच्यासोबत आणखी दोन प्रश्न येतात. हे काम करणारे हात कोणाचे होते? आणि तो अवयव ज्याचा होता, त्याला कोणी विचारले होते का?

आधी सडणे थांबवावे लागले

मेलेल्या शरीराचा अभ्यास करणाऱ्याचा पहिला शत्रू म्हणजे काळ. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात यावर एक उपाय दिलेला आहे. प्रेत मुंज किंवा कुश अशा गवताने गुंडाळायचे, पिंजऱ्यात ठेवायचे, वाहत्या पाण्यात आडोशाला सात रात्री राहू द्यायचे आणि मग वाळा, बांबू वगैरेंच्या कुंचल्याने हलके घासत एकेक थर उलगडत पाहायचा. पिंजरा यासाठी की प्रवाहाने किंवा जनावरांनी शरीर नेऊ नये. अभ्यासाच्या शरीराला आधार आणि संरक्षण देण्याची ही फार जुनी नोंद आहे. मात्र यात शरीर पाहून व्हायचे आणि संपायचे. पुढच्या वर्षीच्या शिष्यासाठी काही उरत नसे.

ते उरवण्याची वाट सतराव्या शतकात सापडली. १६६० च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटीत रॉबर्ट बॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की तीव्र मद्यार्कात, म्हणजे दारूच्या अर्कात, बुडवून ठेवलेले लहान प्राणी आणि अंड्यातली पिल्ले सडत नाहीत. काच पारदर्शक आणि मद्यार्कही पारदर्शक. एकदा ठेवलेला नमुना वर्षानुवर्षे, पुन्हा पुन्हा पाहता येऊ लागला. शरीररचनेचे संग्रहालय ही कल्पना खऱ्या अर्थाने इथून सुरू होते.

पण नवी अडचण लगेच उभी राहिली. द्रवात सोडलेला अवयव तळाशी जाऊन बसतो, काचेला चिकटतो, पाठ फिरवतो. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतली सापाची बरणी आठवते ना? कोपऱ्यातल्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर. त्या सापाचे डोके कधी कोणाला नीट दिसले? तो आपल्याच वजनाने वेटोळे होऊन तळाशी बसला होता आणि चरबी व रंग उतरल्यामुळे भोवतीचा द्रव चहासारखा पिवळा झाला होता. आधार न दिलेल्या नमुन्याचे हे अगदी ठरलेले लक्षण आहे. नमुना टिकवणे हे अर्धे काम, तो दिसेल असा उभा करणे हे उरलेले अर्धे.

अॅम्स्टरडॅमची लेस आणि फुले

हे दुसरे अर्धे काम कलेच्या पातळीवर नेणारा पहिला मोठा माणूस म्हणजे अॅम्स्टरडॅमचा फ्रेडरिक राइश (१६३८–१७३१). रक्तवाहिन्यांत पातळ केलेले रंगीत मेण भरण्यात त्याचा हातखंडा होता. मेणामुळे बारीकसारीक वाहिन्या फुगून स्पष्ट दिसत आणि कातडीला जिवंत माणसासारखी लाली येई. बाळाचा हात जिथे कापला आहे तिथली कडा दिसू नये म्हणून तो तिथे नाजूक लेसची बाही चढवी. बरण्यांच्या झाकणांवर शंख, पोवळी, वाळलेली फुले यांची सजावट असे. त्याची मुलगी राखेल राइश ही पुढे युरोपातली नामांकित पुष्पचित्रकार झाली. या सजावटीत तिचा हात असे, असे सांगितले जाते.

रशियाचा झार पीटर १६९७ मध्ये हा संग्रह पाहून गेला आणि १७१७ मध्ये त्याने तो तीस हजार गिल्डरना विकत घेतला. प्रवासात खलाशांनी बरण्यांतली दारू पिऊन टाकली अशी एक चविष्ट गोष्ट सांगितली जाते. पण त्यातले शेकडो नमुने सेंट पीटर्सबर्गच्या कुन्स्तकामेरा संग्रहालयात आजही चांगल्या स्थितीत आहेत, त्यामुळे ती गोष्ट गोष्टच समजावी.

हंटरचे घर आणि डुकराचा मूत्राशय

राइशने मरण सुंदर करून दाखवले. लंडनच्या जॉन हंटरला (१७२८–१७९३) सौंदर्याशी देणेघेणे नव्हते. त्याला तुलना हवी होती. माणसाचे पोट, गाईचे पोट, पक्ष्याचे पोट शेजारी शेजारी ठेवले की एकच काम निसर्ग किती तऱ्हांनी करतो ते दिसते. शस्त्रक्रियेची कमाई त्याने या संग्रहात ओतली आणि मृत्यूसमयी त्याच्याकडे सुमारे चौदा हजार नमुने होते.

त्या काळी बरणी बंद करणे हेच एक कौशल्य होते. रबर नव्हते, फिरकीचे झाकण नव्हते, मद्यार्क तर सतत उडून जाणारा. मग पाण्यात भिजवून मऊ केलेला डुकराचा मूत्राशय बरणीच्या तोंडावर ताणून दोऱ्याने घट्ट बांधायचा. त्यावर शिसे किंवा कथिलाचा पातळ पत्रा, त्यावर पुन्हा मूत्राशयाचा थर आणि शेवटी काळा रंग. सुकल्यावर हे आवरण ढोलाच्या पुडीसारखे ताठ होई. नमुना वरून लोंबता ठेवायचा तर रेशमाचा किंवा तागाचा दोरा किंवा घोड्याचा केस वापरत. घोड्याचा केस मद्यार्कात कुजत नाही, फारसा ताणत नाही आणि द्रवात जवळजवळ दिसत नाही. आजचा नायलॉनचा दोरा येईपर्यंत त्याला तोड नव्हती.

सात शिलिंगांचा राखणदार

आता ज्या माणसाबद्दल सांगणार आहे, तो या स्मरणिकेत आवर्जून यावा असे मला वाटले. विल्यम क्लिफ्ट हा इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातला गरीब घरचा पोरका मुलगा. चित्रकलेचा हात मात्र उत्तम. त्याच्या गावातल्या एका बाईंच्या हे लक्षात आले. त्या बाई आणि हंटरची पत्नी अॅन या एका शाळेतल्या मैत्रिणी. शाळेतल्या त्या ओळखीवर बाईंनी पत्र लिहिले आणि १४ फेब्रुवारी १७९२ रोजी, आपल्या सतराव्या वाढदिवशी, क्लिफ्ट हंटरच्या घरी उमेदवारीला हजर झाला. योगायोगाने हंटरचाही वाढदिवस तोच. शाळासोबत्यांच्या ओळखी कुठे आणि किती उपयोगी पडतात, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दीड वर्षातच, ऑक्टोबर १७९३ मध्ये, हंटर अचानक वारला. कर्ज होते, संग्रह विकायचा होता, पण फ्रान्सशी युद्ध सुरू झाले होते आणि सरकारला असल्या खरेदीत रस नव्हता. पुढची सहा वर्षे तो सगळा संग्रह या पोराने जवळजवळ एकट्याने सांभाळला. पगार आठवड्याला सात शिलिंग. युद्धामुळे स्पिरिट महाग झालेले. कोणत्या बरणीतली पातळी उतरली, कोणते झाकण सुटले, कोणत्या वाळलेल्या नमुन्याला कीड लागली, हे पाहत तो फिरत असे. रात्री बसून तो हंटरची हस्तलिखिते उतरवून काढी. १७९९ मध्ये सरकारने पंधरा हजार पौंडांना संग्रह घेऊन शल्यचिकित्सकांच्या संस्थेकडे सोपवला, तेव्हा तो शाबूत होता. ही संस्थाच पुढच्या वर्षी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स झाली.

हस्तलिखिते उतरवण्याचे मोल तर नंतर कळले. हंटरचा मेव्हणा एव्हरार्ड होम याने मूळ कागद आपल्या घरी नेले आणि १८२३ मध्ये जाळून टाकले. हंटरचे जे लेखन आज वाचायला मिळते त्यातले बरेचसे क्लिफ्टच्या हस्ताक्षरामुळे वाचले आहे. नमुन्याला दोरा आणि काचेचा आधार असतो. संपूर्ण संग्रहाला मात्र माणसाचाच आधार लागतो, हे क्लिफ्टच्या आयुष्याकडे पाहून पटते.

या संग्रहावर १० मे १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्ब पडले आणि फार मोठा भाग नष्ट झाला. हंटरचे सुमारे साडेतीन हजार नमुने त्यातून वाचले. त्यातले काही अजूनही पाहता येतात.

लंडनहून मुंबईला, मुंबईहून साताऱ्याला

क्लिफ्टच्या हाताखाली रिचर्ड ओवेन तयार झाला, पुढे त्याचा जावईही झाला. ओवेनच्या काळात, १८५० च्या दशकात, याच संग्रहालयात एक तरुण विद्यार्थी काम करत होता. त्याचे नाव हेन्री व्हॅनडाइक कार्टर. वैद्यकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ज्या ग्रंथाची घोकंपट्टी केली त्या 'ग्रेज अॅनाटॉमी'ची चित्रे याच कार्टरने काढली. ग्रंथ १८५८ मध्ये निघाला. मुखपृष्ठावर नाव ग्रेचे, कार्टरच्या वाट्याला एकरकमी दीडशे पौंड आणि पुढच्या आवृत्त्यांवर एक पैसाही नाही.

त्याच वर्षी कार्टर मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला. हे कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले होते. १८५१ मध्ये तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. प्रेताला हात लावणे हा त्या काळी आपल्या समाजात केवढा मोठा प्रश्न होता, ते सांगायला नको. कोलकात्याला १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले त्याची चर्चा पुढे कित्येक दशके होत राहिली. मुंबईच्या त्या पहिल्या विद्यार्थ्यांनीही घरी काय काय ऐकून घेतले असेल, त्याची कल्पना आपण करू शकतो.

कार्टर पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून अनेक वर्षे होता. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायाला होणारा एक भयानक रोग त्याने अभ्यासला. पाय सुजतो, त्याला जागोजाग भोके पडतात आणि त्यातून बारीक दाणे बाहेर येतात. हा 'मदुरा फूट' बुरशीमुळे होतो हे त्याने दाखवले आणि त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिले. १८७४ मध्ये त्यावर त्याचा ग्रंथ निघाला. कापून टाकावे लागलेले पाय जपून ठेवले, त्यांचे छेद घेतले, म्हणूनच हा अभ्यास होऊ शकला. हंटर, क्लिफ्ट, ओवेन, कार्टर आणि मग आपल्याकडचे विद्यार्थी, अशी गुरुशिष्यांची ही साखळी आहे. तिच्या एका टोकाला आपल्याच भागातल्या शेतकऱ्याचा पाय आहे, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे.

फॉर्मॅलिन आले आणि रंग परत आले

मद्यार्कात नमुना टिकतो, पण आकसतो आणि पांढरा पडतो. १८९३ मध्ये फ्रँकफर्टचा फर्डिनांड ब्लूम जंतुनाशक म्हणून फॉर्मॅल्डिहाइड तपासत होता. काम करता करता त्याच्या बोटांची टोके कडक झाल्याचे त्याच्या लक्षात आले. जे बोटांना होते ते इतर ऊतींनाही होणार, हे त्याने ओळखले. फॉर्मॅलिन स्वस्त होते, मांसात खोलवर शिरत होते आणि नमुना घट्ट करत होते. काही वर्षांतच ते जगभर पोहोचले.

रंग मात्र फॉर्मॅलिनमध्येही जातो. त्यावर बर्लिनच्या कार्ल कायझरलिंगने १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तीन द्रवांची पद्धत काढली. आधी फॉर्मॅलिन आणि पोटॅशियमचे क्षार, मग काही काळ मद्यार्क, ज्यात रक्ताचा लालसर रंग परत येतो, आणि शेवटी कायमस्वरूपी ग्लिसरीन व पोटॅशियम अॅसिटेटचा द्रव. मद्यार्कात नमुना किती वेळ ठेवायचा हे घड्याळाइतकेच डोळ्यांनी ठरवावे लागते. जास्त राहिला तर आलेला रंग निघून जातो. आमच्याकडचे जुने तंत्रज्ञ, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, बरणीसमोर स्टूल घेऊन बसत आणि भात उतू जाऊ नये म्हणून चुलीकडे पाहावे तसे पाहत.

आधार द्यायचा कसा

माझ्या विद्यार्थ्यांना वाटायचे की आधार म्हणजे शेवटी बांधलेला दोरा. प्रत्यक्षात आधार पहिल्या दिवसापासून द्यावा लागतो, कारण अवयव ज्या आकारात घट्ट होतो तोच आकार कायम राहतो.

ताजा मेंदू सव्वा-दीड किलोचा आणि खरवसाइतका मऊ. बादलीच्या तळाशी ठेवला तर खालची बाजू चपटी होऊन बसते. म्हणून त्याच्या तळाशी असलेल्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवून तो फॉर्मॅलिनच्या बादलीत उलटा, तळाला न टेकता, दोनेक आठवडे लोंबत ठेवतात. फुप्फुस तरंगते, तेव्हा त्याच्या श्वासनळीतून फॉर्मॅलिन आत सोडून ते फुगवतात आणि वर ओले फडके टाकतात. हृदयाचे कप्पे फॉर्मॅलिनमध्ये भिजवलेल्या कापसाने भरतात, नाहीतर भिंती आत बसतात आणि झडपा दिसत नाहीत. आतडे उघडून मेणाच्या किंवा कॉर्कच्या पाटावर टाचण्यांनी पसरवतात.

त्यानंतर मांडणी. पूर्वी काचेच्या कांड्या ज्योतीवर तापवून, वाकवून नमुन्याच्या मापाची चौकट करत आणि ती बरणीत बरोबर अडकवत. काही ठिकाणी दुधी काचेची किंवा अभ्रकाची पाटी मागे ठेवत. गोल बरणी भिंगासारखी वागते आणि नमुना आडवा फुगलेला दाखवते. त्यामुळे चौकोनी बरण्या आल्या, पण त्या महाग. दुसऱ्या महायुद्धानंतर पर्स्पेक्सच्या, म्हणजे पारदर्शक अॅक्रिलिकच्या पेट्या आल्या आणि प्रत्येक नमुन्याला त्याच्या मापाचे घर मिळू लागले.

आमच्या विभागात ही पेटी अशी होत असे. पत्रा करवतीने कापायचा, कडा कानशीने सरळ करायच्या आणि क्लोरोफॉर्ममध्ये पर्स्पेक्सचाच चुरा विरघळवून केलेल्या डिंकाने बाजू जोडायच्या. मधल्या पाटीवर नमुना ठेवून, कुठे टाके येतील ते पाहून भोकांच्या जोड्या पाडायच्या. सुईने नायलॉनचा दोरा नमुन्यातून काढून पाटीच्या मागे गाठ मारायची. टाका नेहमी चिवट भागातून घ्यायचा, म्हणजे आवरण, स्नायूचे टोक किंवा धमनीची भिंत. मऊ यकृतातून घेतलेला दोरा काही महिन्यांत लोण्यातून सुरी जावी तसा कापत खाली येतो आणि नमुना एका बाजूला कलतो. दोरा फार ओढला तर नमुन्यावर चर पडतो, सैल ठेवला तर हलवताना नमुना डुलतो. सगळे बांधून झाल्यावर द्रव भरून दोन दिवस तसेच ठेवायचे, अडकलेले हवेचे बुडबुडे सुईने सोडवायचे आणि मगच झाकण चिकटवायचे. झाकणाच्या कोपऱ्यातल्या बारीक भोकातून शेवटचा द्रव भरून ते भोक बुजवायचे.

या पेट्यांत मद्यार्क भरून चालत नाही. मद्यार्काने अॅक्रिलिकला बारीक तडे जातात आणि पेटी धूसर होते. म्हणजे आधार आणि द्रव दोन्ही एकमेकांना सोसतील असेच निवडावे लागतात.

सांगाड्याचे तंत्र वेगळे. हाडे स्वच्छ करून, त्यातली चरबी काढून, हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवतात. पाठीच्या कण्यातून लोखंडी सळई जाते, सांधे पितळी तारेने जोडतात, जबड्याला स्प्रिंग आणि कवटीला वर आकडा. असे सांगाडे एके काळी कोलकात्याहून जगभर जात. हाडे मिळवण्याच्या पद्धतींबद्दल गंभीर तक्रारी आल्यानंतर १९८५ मध्ये आपल्या सरकारने ही निर्यात बंद केली.

१९७७ मध्ये हायडेलबर्गच्या गुंथर फॉन हागेन्स यांनी प्लास्टिनेशन आणले. थंड अॅसिटोनने नमुन्यातले पाणी काढायचे आणि मग निर्वातात अॅसिटोनच्या जागी सिलिकॉन शिरवायचे. असा नमुना कोरडा असतो, त्याला वास नसतो, हातात घेऊन शिकता येतो. बरणी गेली, द्रव गेला. २००४ मध्ये फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोग करते असे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने ठरवल्यापासून तर हे तंत्र अधिकच हवेसे झाले आहे.

ज्यांना विचारले नाही

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. चार्ल्स बर्न हा साडेसात फुटांहून उंच आयरिश तरुण १७८३ मध्ये बावीस वर्षांचा असताना लंडनमध्ये वारला. हंटरची नजर आपल्यावर आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून आपल्याला समुद्रात सोडावे अशी त्याची इच्छा होती. हंटरने पैसे देऊन प्रेत मिळवले आणि सांगाडा उभा केला. त्याने पुढे विज्ञानाला मदत केली हे खरे. १९०९ मध्ये कवटी उघडून पाहिली तेव्हा पिट्यूटरी ग्रंथीची खोबण मोठी आढळली आणि २०११ मध्ये त्याच्या दातातून उंचीमागचा जनुकीय दोषही सापडला. तरीही त्याने 'नाही' म्हटले होते आणि दोनशेहून अधिक वर्षे लोक त्याला पाहत राहिले. २०२३ मध्ये हे संग्रहालय नव्याने उघडले तेव्हा बर्नचा सांगाडा प्रदर्शनात नव्हता. तो संस्थेकडे ठेवला आहे, पण मांडलेला नाही. जर्मनीत ट्युबिंगेन विद्यापीठाने नाझी राजवटीत मारलेल्यांच्या शरीरांपासून केलेले नमुने १९९० मध्ये दफन केले.

आपल्याकडे काय? मुंबई राज्यात १९४९ चा शरीररचना कायदा आला आणि रुग्णालयातली बेवारस प्रेते शिक्षणासाठी देण्याची सोय झाली. इंग्लंडच्या १८३२ च्या कायद्यातही हेच तत्त्व होते. दोन्हीकडे परिणाम एकच झाला, शिकवायला आले ते गरिबांचे देह.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात नव्या कक्षासाठी जुन्या संग्रहालयाची अर्धी खोली रिकामी करायचा आदेश निघाला. दोन दिवसांत बरण्या व्हरांड्यात आल्या. मी आणि एक मामा जुनी नोंदवही घेऊन बसलो. कोणते नमुने नव्या पेटीत घ्यायचे आणि कोणत्यांवर रीतसर अंत्यसंस्कार करायचे, हे ठरवायचे होते. वहीत एका हृदयापुढे नाव नव्हते. "पुरुष, वय अंदाजे ४०, हमाल, बेवारस," एवढेच होते. झडप इतकी सुंदर दाखवणारा दुसरा नमुना आमच्याकडे नव्हता. मामा म्हणाले, "सर, ह्यानं किती डॉक्टर केले असतील, मोजा." आम्ही ते हृदय ठेवले, नवी पेटी केली आणि चिठ्ठीवर अवयवाच्या नावाखाली वहीतली ती ओळही लिहिली. विद्यार्थी ती ओळ वाचून क्षणभर थांबत, हे मी पुढे अनेकदा पाहिले. जे नमुने ठेवण्याजोगे नव्हते ते आम्ही स्मशानात नेले. व्हरांड्यातून ते कचऱ्याच्या गाडीत जाऊ नयेत यासाठी मात्र बराच पत्रव्यवहार करावा लागला.

जुने सगळे नमुने टाकून द्यावेत असे मला वाटत नाही. त्यातले काही रोग आता इतके दुर्मीळ झाले आहेत की विद्यार्थ्याला ते फक्त तिथेच दिसतील. पण ज्याला विचारता आले नाही, त्याची निदान नोंद ठेवावी, नमुना नीट उभा करावा आणि त्यापुढे हसणे-खिदळणे होऊ देऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.

आपल्या पिढीपुढचे काम

यापुढे मात्र विचारून घेण्याची सोय आहे. आपण सारे आता साठीच्या आसपास किंवा पुढे आहोत, तेव्हा स्पष्ट लिहायला हरकत नाही. देहदानाचा अर्ज जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात मिळतो. त्यावर आपली सही, जवळच्या नातेवाइकांची संमती आणि साक्षीदार लागतात. पण खरा प्रश्न अर्जानंतरचा असतो. मृत्यूनंतर काही तासांत घरच्यांनी विभागाला कळवले नाही आणि डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार नसला, तर अर्ज कपाटातच राहतो. पोलीस केस असेल, शवविच्छेदन झाले असेल किंवा काही विशिष्ट संसर्ग असतील तर देह स्वीकारता येत नाही. नेत्रदान मात्र देहदानासोबत करता येते. म्हणून अर्ज भरण्यापेक्षाही मुलांशी, सुनांशी, जावयांशी एकदा शांतपणे बोलून ठेवणे महत्त्वाचे. दधीचीची कथा सगळ्यांना पाठ असते. घरात हा विषय काढायला मात्र थोडे धैर्य लागते.

आणि आपल्या गुरुजनांना एक विनंती. आपल्यापैकी ज्यांनी आम्हाला विज्ञान शिकवले, त्यांनी शाळेच्या आजच्या प्रयोगशाळेत एकदा अवश्य डोकवावे. ती सापाची बरणी अजून असेल तर द्रव बदलायला आणि त्याला पाटीवर नीट बांधायला मी एक दिवस येऊन जाईन. नायलॉनचा दोरा आणि सुई माझ्याकडे आहेच. आठवी-नववीची दोन-चार मुले सोबत बसवली तर उत्तम. त्यातल्या एखाद्याला हे काम आवडून जाईल.